वाडीतल्या बुधवारच्या वाचनात बोध कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मालवणकडच्या तुमच्या वाडीत दर बुधवारी संध्याकाळी सात-आठ घरं एकत्र बसून बायबल वाचतात आणि गेल्या वर्षापासून वाचन तुम्ही घेता. उतारा वाचून होतो, पण बोध सांगायची वेळ आली की गाडी दर वेळी त्याच तीन थांब्यांवर थांबते: विश्वास ठेवा, प्रार्थना करा, क्षमा करा. लोक माना डोलावतात आणि चहाकडे वळतात. रोजच्या जगण्याला लागेल असं काही उताऱ्यातून कसं काढायचं, आणि येत्या बुधवारी मत्तयाच्या १३व्या अध्यायातला जाळ्याचा दाखला आहे तो कसा घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी वेंगुर्ल्याकडे तीस-एक वर्षं मुलांचं संडे स्कूल आणि बायकांची वाचनसभा घेतली. पोटापाण्यासाठी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे हा रोग मला आतून माहीत आहे. आपण सगळे गोष्टीखाली ‘तात्पर्य’ वाचत वाढलो. गोष्ट कशीबशी वाचायची आणि परीक्षेसाठी तात्पर्य पाठ करायचं. बायबल हातात घेतलं तरी नजर तात्पर्य शोधत शेवटच्या ओळीकडे धावते, आणि तात्पर्यं मुळात असतात तरी किती? दहा-बारा. म्हणून तेच तेच येतं.

माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. बोध काय, हे विचारायच्या आधी उताऱ्यात कोणाच्या हातात काय आहे ते बघा. जाळं, झाडू, पीठ, पैसे, दोरी, निखारे. लूकच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात पक्षघाती माणसाला त्याचे लोक बाजेसकट येशूकडे घेऊन येतात, गर्दीतून वाट मिळत नाही, मग छपरावर चढून त्याला खाली सोडतात. मार्क हीच गोष्ट सांगताना छप्पर उकरलं म्हणतो. तिकडची घरं सपाट धाब्याची, फांद्यांवर माती थापलेली, त्यामुळे उकरणंच बरोबर. लूक मात्र कौलं म्हणतो, बहुधा त्याच्या ग्रीक वाचकांना तसली छपरं ओळखीची होती म्हणून. आपल्यालाही तीच ओळखीची. मी हा उतारा घेतला तेव्हा एका मुलाने हात वर करून विचारलं, “बाई, मग कौलां परत कोणी घातली?” उताऱ्यात त्याचं उत्तर नाही. पण त्या दिवशीचा आमचा बोध त्या प्रश्नातूनच निघाला. एखाद्याला मदत करताना दुसऱ्याच्या घराला भोक पडलं, तर दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन जायचं की नाही? पावसाच्या तोंडावर कौलं परतायला माणूस मिळत नाही तेव्हा काय होतं, हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ‘विश्वास ठेवा’ असं मी त्या दिवशी एकदाही म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट मी शिकले ती चुकून, आणि ती चूक सांगायला अजूनही जड जातं.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. आपल्या किनाऱ्यावरच्या किती होड्या तेव्हा बाहेर होत्या, हे तुमच्याकडच्या मोठ्या माणसांना विचारा. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका कॅथलिक घरातला मुलगा परत आला नाही. दोन-अडीच महिन्यांनी मी त्या घरी बायकांसोबत गेले आणि मार्कचा ४था अध्याय वाचला. वादळ, वरामावर, म्हणजे होडीच्या मागच्या भागात, उशी घेऊन निजलेला येशू, घाबरलेले शिष्य, आणि मग ‘शांत हो’. वाचून झाल्यावर मी नेहमीचं बोलले. येशू आपल्या होडीत असला की वादळ शमतं. त्या मुलाची आई ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, “बाय, माझो झील पण हात जोडूनच जाय. मगे तेच्या होडयेत तो नव्हतो काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन उतारा पुन्हा वाचला. आधी वीस-पंचवीस वेळा तरी शिकवला असेन, पण दोन गोष्टी त्या रात्री पहिल्यांदा दिसल्या. एक, ३६व्या वचनात म्हटलंय की त्याच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं ते मार्क सांगत नाही. त्यातही माणसं असणार, तीही भिजली असणार. दुसरी गोष्ट म्हणजे शिष्यांनी त्याला उठवलं ते शब्द. आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काहीच वाटत नाही? ही नीटनेटकी प्रार्थना नव्हे, हा राग आहे. आणि येशू आधी वादळाशी बोलतो, शिष्यांशी नंतर. रागावलात का, असं विचारत तो थांबत नाही. आधी वारा थांबवतो.

म्हणजे मी त्या आईला जे सांगितलं ते उताऱ्यात नव्हतंच. एका रात्री एका होडीबरोबर काय घडलं ते उतारा सांगत होता, आणि मी त्याचा नियम केला होता. उताऱ्यात तिच्यासाठी जे होतं ते वेगळंच: देवाला असं विचारायची मुभा आहे. पुढे मी पुन्हा तिच्याकडे गेले तेव्हा ८८वं स्तोत्र वाचलं. पूर्ण स्तोत्रसंहितेत इतकं काळं स्तोत्र दुसरं नाही. त्याला उजेडाचा शेवटही नाही, मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार आहे. वाचलं आणि गप्प बसले. बोध सांगितला नाही. ती म्हणाली, “ह्या बायबलात आसा?” बस, तेवढंच.

म्हणून काही उताऱ्यांतून बोध काढूच नका, असं मी नव्या वाचकांना सांगते. सभा रिकामी गेली असं वाटेल. वाटू दे.

त्याच घराच्या बाबतीत मला उपयोगी पडला तो आणखी एक उतारा म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांचा २७वा अध्याय. किनाऱ्यावरच्या माणसाला तो कोणीही समजावून सांगावा लागत नाही. पौल या प्रेषिताला कैदी म्हणून रोमला नेत होते. ज्यूंचा उपासाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे त्यांच्याकडचा दर्या मिटायची वेळ झाली होती. पुढे जाऊ नका असं पौल सांगत होता. ताबा असलेल्या शताधिपतीने मात्र तांडेल आणि जहाजाचा मालक यांचं ऐकलं. (हे कोणाला नवीन वाटणार आहे? जून-जुलैच्या बंदीतसुद्धा ‘आजचा दिवस जाऊन येतो’ म्हणणारे आपण पाहिलेत.) चौदा दिवस वादळ. जहाजावर २७६ माणसं. पौल शेवटी काय करतो? सगळ्यांना म्हणतो, तुम्ही इतके दिवस काही खाल्लं नाही, आता काहीतरी खा. स्वतः भाकरी घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. मग बाकीचेही खातात. जहाज फुटतं, माणसं वाचतात.

यातला बोध एवढाच की संकटातल्या माणसाला आधी जेवायला घाला, आणि त्याच्यासोबत बसून स्वतःही जेवा. त्या घरात फयाननंतर रोज सकाळी पेजेचा टोप घेऊन जाणारी शेजारीण होती. माझ्या वचनापेक्षा तिने जास्त काम केलं. तिला पौल माहीत होता की नाही, कोण जाणे.

आता तुमचा तिसरा थांबा, ‘क्षमा करा’. हा शब्द सभेत म्हणायला सोपा आहे, पण आपल्याकडे क्षमेचा प्रश्न बहुतेक वेळा सातबाऱ्यावर असतो. सामाईक जमीन, चुलत्याने परस्पर विकलेलं कलमबाग, आई-बाबांनंतर बंद पडलेलं बोलणं. अशा माणसाला ‘क्षमा करा’ म्हटलं की तो मनात हिशोब मांडतो आणि तो हिशोब बरोबरच असतो. अशा वेळी मी योहानाचा २१वा अध्याय घेते. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलेलं आहे. ते म्हटलं तेव्हा तो निखाऱ्यांच्या शेकोटीपाशी उभा होता. २१व्या अध्यायात येशू किनाऱ्यावर पुन्हा निखारेच पेटवून बसलाय. नव्या करारात निखाऱ्यांसाठीचा तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. निखाऱ्यावर मासा आहे, भाकरी आहे. धूर तोच, वास तोच. पेत्राला सगळं आठवलं असणार. पण येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. ‘माझ्यावर प्रेम करतोस का’ हा प्रश्न तो तीनदा विचारतो, पण न्याहारी झाल्यावर.

म्हणून एकदा हा उतारा घेताना मी सांगितलं की ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला या आठवड्यात माफ करू नका. बांगडे भाजा आणि जेवायला बोलवा. जमिनीचा विषय काढू नका. एका बाईने खरंच दिराला बोलावलं. तो आला नाही. पुढच्या वर्षी आला. एवढी वर्षं हे काम करून मी सांगते, आठवड्यात फळ मागणारा बोध सांगू नका.

बोध सोमवारी करता येईल इतका लहान असावा, हे मात्र मी कधी सोडत नाही. लहान ठेवायचा तर क्रियापद शोधा. जेवायला बोलवा, कौलं लावा, मजुरी द्या. ‘नम्र व्हा’ हे करता येत नाही. ‘भाऊ बोलत असताना मध्ये बोलू नका’ हे करता येतं.

मजुरीवरून आठवलं. दहा आज्ञांमधली शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा आपण मुलांना ‘रविवारी चर्चला जा’ अशी शिकवतो. ती जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात एकदा आणि ‘अनुवाद’ या पुस्तकात एकदा अशी दोनदा येते, आणि कारणं वेगळी आहेत. निर्गममध्ये देवाने सहा दिवसांत सृष्टी करून विसावा घेतला, हे कारण. अनुवादच्या ५व्या अध्यायात कारण असं की तुझ्या दासदासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तू मिसरात दास होतास हे लक्षात ठेव. आंब्याच्या मोसमात हा दुसरा उतारा वाचून बघा. आपल्या बागांतून नेपाळी राखणदार असतात, मार्च ते मे रात्रंदिवस. आपण रविवारी सकाळी स्वच्छ कपडे घालून उपासनेला जातो आणि ते झाडाखाली असतात. बागायतदारांच्या घरी मी हे पहिल्यांदा बोलले तेव्हा चहा जरा गार झाला.

या आज्ञेचं कोकणातलं उदाहरण हवं असेल तर अलिबागकडच्या बेने इस्राएलांचं द्या. परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. तेल गाळायचा व्यवसाय करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. ते काय मानतात हे गावाला सांगावं लागलं नाही, घाणा कोणत्या दिवशी बंद असतो एवढ्यावरून कळलं. मराठी बोलणाऱ्या या ज्यू लोकांची आपल्या वाचनसभांमध्ये आठवणही निघत नाही. जुना करार ज्यू लोकांकडूनच आपल्याकडे आलाय, एवढं तरी मुलांना सांगा.

एक धोका सांगते, कारण तो घरोघरी भिंतीवर टांगलेला आहे. कॅलेंडरवरची वचनं. यिर्मया २९चं ११वं वचन, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत, हे मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या प्रत्येक मुलाला आपण देतो. वचन खरंच सुंदर आहे. पण त्याच्या आधीचं १०वं वचन वाचा. कैद करून बाबेलला नेलेल्या ज्यू लोकांना देव सांगतोय की ७० वर्षं लागतील. ऐकणारे बहुतेक तिथेच मरणार होते. आणि तोवर काय करा? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं मागा. हा चाकरमान्यांसाठी लिहिलेला अध्याय आहे असं मला वाटतं. मुलाला नोकरीचं वचन म्हणून तो देऊ नका. नोकरी लागल्यावर द्या आणि विचारा, तुझ्या चाळीतल्या पाण्याच्या रांगेचं तू काय केलंस?

भाषांतराबद्दल दोनच ओळी. घरातल्या जुन्या प्रतीसोबत एक दुसरं भाषांतर ठेवा आणि उतारा दोन्हींतून मोठ्याने वाचा. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं मराठी बायबल (त्याला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला) ऐकायला मोकळं आहे. जिथे दोन भाषांतरं वेगळी पडतात तिथे बहुतेक वेळा प्रश्न दडलेला असतो. मग तिसऱ्यांदा कोणाला तरी तोच उतारा आपल्या मालवणीत सांगायला सांगा, पुस्तक मिटून. तुम्ही दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. मी बोलायचे, तेव्हा वेळेवर खोकणारी एक आजी आमच्याकडे होती.

आता तुमचा बुधवार. मत्तय १३, ४७ ते ५०. स्वर्गाचं राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखं आहे, त्यात सर्व प्रकारचे मासे येतात, भरल्यावर ते किनाऱ्यावर ओढतात, मग बसून चांगले टोपल्यांत घालतात आणि वाईट फेकून देतात.

तुम्ही मालवणला राहता आणि हा दाखला कसा घ्यायचा असं मला विचारता, याची मला गंमत वाटली. ग्रीकमधला शब्द गळाचा किंवा हाताने फेकायच्या पागाचा नाही, ओढजाळ्याचा आहे. म्हणजे रापण. तुमच्या दारासमोरची. पागाचा उतारा वेगळा. पेत्र आणि आंद्रिया पाग फेकत असताना येशूने त्यांना बोलावलं, तो.

म्हणून तात्पर्याकडे धावू नका, आधी रापणच सांगायला लावा. होडी दोर सोडत अर्धगोल फिरून कशी येते, दोन्ही टोकांना माणसं कशी लागतात, दोन बाजू सारख्या ओढल्या नाहीत तर काय होतं. ओढत असताना कोणी मासा निवडतो का? निवडायला वाकला तर दोर सुटेल. दाखल्यातही निवड बसून होते, किनाऱ्यावर, ओढणं संपल्यावर. आणि ४९वं वचन म्हणतं की ती निवड देवदूत करतील. आपल्याकडे मात्र निवड पाण्यातच सुरू होते. हा रविवारी येत नाही, ती खरी विश्वासणारी नाही, त्यांच्या मुलाने दुसऱ्या जातीत लग्न केलं. तुमच्या सात-आठ घरांत अशी एखादी टोपली आधीच बाजूला काढून ठेवलेली असेल. नाव घेऊ नका, पण उतारा त्याच माणसांबद्दल आहे हे तुम्ही मनात धरा.

‘वाईट’ मासा म्हणजे कोणता, हेही विचारा. केंड म्हणतील, जेली म्हणतील. मग सांगा की गालीलच्या कोळ्यांना नियमशास्त्राप्रमाणे खवलं आणि पर नसलेला मासा चालत नसे. तिथल्या तळ्यात शिंगटीसारखे बिनखवल्याचे मासे आहेत, ते बाजूला जायचे. म्हणजे त्यांच्या हिशोबात मोरीसुद्धा फेकायची. मोरीच्या सांबाऱ्यावरून तुमच्याकडे हसू फुटेल, फुटू द्या. हसून झाल्यावर कोणीतरी स्वतःहून म्हणेल की आपण टाकाऊ ठरवतो ते दुसऱ्याच्या ताटातलं असतं. कोणी म्हणालं नाही तर तुम्हीही म्हणू नका. दाखल्यात निवाडा आहे, फेकून देणं आहे, रडणं आणि दात खाणं आहे. ते मऊ करायचा हक्क आपल्याला नाही. वाचून होऊ द्या.

आणि वाट्याचा प्रश्न शेवटी ठेवा. आमच्याकडे एक म्हातारे रापणकर सांगायचे, “दोरयेक हात लावल्यार वाटो गावतलोच.” शाळेतून येताना चार हात ओढू लागलेल्या पोराच्याही पिशवीत चार पेडवे पडायचे. हे दाखल्यात नाही, ते दाखल्यात घुसडू नका. पण २०व्या अध्यायात द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्यालाही दिवसभराची मजुरी मिळते आणि सकाळपासून राबणारे कुरकुर करतात. तो उतारा त्याच्या पुढच्या बुधवारी घ्या. तुमच्याकडे रापण मोकळी येण्याचेच दिवस जास्त असतील आता, ट्रॉलर आणि पर्सिन जाळ्यांच्या यांत्रिक होड्या आल्यानंतर. त्यामुळे वाट्यावर बोलताना कोणाचा तरी आवाज चढेल. चढला तर वाचन तिथेच थांबवून त्याचं ऐका.

मंगळवारी पहाटे जमलं तर किनाऱ्यावर जाऊन या. रापण ओढून झाल्यावर माणसं आधी काय करतात, बसतात की उभ्यानेच निवडतात, हे बघून मला कळवा. मत्तय ‘बसून’ म्हणतो आणि मी इतकी वर्षं लक्षच दिलं नाही.